बटणबंद फिटर

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे फिटरकाका म्हणजे अख्ख्या गल्लीचे 'बटणबंद'. कुणाकडेही गेले की आधी रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणार, मग बसणार. काकू म्हणायच्या, "यांनी माझा चेहरा उजेडात पाहिला तो लग्नात. तेव्हा बिल दुसऱ्याचं होतं."

गेल्या वर्षी काकूंची फुप्फुसं थकली. खाटेशी ऑक्सिजनचं यंत्र आलं. वीज गेली तर पंचाईत नको, म्हणून काकांनी परसात एक संथ चालीचं जुनं डिझेल इंजिन उभं केलं. मी म्हटलं, "दोन म्हातारी कमी होती का, तिसरं आणलंत?"

परवा सकाळी वीज गेली ती गेलीच. इंजिन सुरू झालं, पण चाल धरेना. धाप... धाप... आणि मधेच धापधापधाप! काकांनी वेग आवरणारी स्प्रिंग ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. वेग घसरला की ऑक्सिजनचं यंत्र कोकलून बंद. तोवर उशाशीच्या ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरवर भागत होतं. दुपारी त्याचा काटा लाल पट्टीत शिरला. काकूंचे ओठ निळे दिसायला लागले.

"काका, कुणाला तरी बोलवा ना!"

"कुणाला? याची नस ओळखणारा मीच उरलोय." पाना हातातून निसटला. उचलला, पुन्हा निसटला.

मग एकाएकी ते थांबले. "अगं, याच्यावर ओझंच नाही! रिकाम्या गाडीचा बैल उधळणारच. बघतेस काय? वीज खाणारे जुने पिवळे बल्ब आण. इस्त्री आण. असेल ते आण!"

गल्ली धावली. भर दुपारी त्या घरात सव्वीस बल्ब पेटले, वर दोन इस्त्र्या. काकांनी स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. धाप. धाप. धाप. काकूंचं यंत्र एकसुरी घुरघुरायला लागलं.

काकूंनी डोळे किलकिले केले. "अहो... दिवसा... दिवे?"

"असू दे."

पण एवढं ओझं ओढायचं तर इंजिन डिझेलही तसंच पिणार. काकांनी कॅन हलवला, तळाशी नुसती खळखळ. दुसरा कॅन घेऊन मी पंपाकडे निघाले. दारातून वळून पाहिलं तर त्यांचा उजवा हात बटणाकडे गेला होता, आणि डाव्या हाताने त्यांनी तो मनगटापाशी गच्च धरून ठेवला होता.