भेटीला यायचं तर चालायचं

आठवीतून शाळा सोडलेली मी, पुण्याला पॅकिंगच्या कामाला. आमचा तांडा आर्णीकडे. आईला आम्ही याडी म्हणतो. तिचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आधी वजन उतरवायला सांगितलं. नव्या सांध्यालाही हेच ओझं उचलायचं होतं. याडीने गोड चहा सोडला, एका भाकरीवर आली, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम धरला. भावजयीला तिची पोलकी आत घ्यावी लागली, हे मी कारखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. मी आठ दिवस रजेवर होते. घरी आणल्यावर मात्र मला धीर होईना. पडली तर? टाके उसवले तर? बाळंतिणीला जपावं तसं मी तिला खाटेवर ठेवलं, गुडघ्याखाली उशी दिली, डिंकाचे लाडू केले. निघताना भावजयीला बजावलं, हिला उतरू देऊ नको. त्यात तांड्यात दुखणाइताकडे रिकाम्या हाती कोणी जात नाही आणि आणलेलं नाही खाल्लं तर माणूस रुसतं. याडी सगळ्यांचं खात राहिली.

पुढच्या तपासणीनंतर भावजयीचा फोन आला. गुडघा धड सरळ होत नव्हता, वाकतही नव्हता. वजन पुन्हा चढलेलं. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभरात वाकला नाही तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. माझ्यामुळेच झालं, म्हणून मी फोनवर रडायला लागले.

"रडून राह्यली काहून?" भावजयीच्या हातून फोन घेऊन याडी म्हणाली. "गुडघा माहा हाये. पाहतो मी त्याले."

तिने उशी काढून टाकली. रोज टाच मागे ओढताना पदर दातात धरायची, भावजय मोजायची. आणि भेटीला येणारीला नवा कायदा लागू झाला: डबा ओट्यावर ठेवायचा, वॉकरसोबत देवळापर्यंत चालायचं, परत यायचं, मग डबा आणणारीनेच उघडून खायचा. शेजारची काकी मला फोनवर म्हणाली, "बाई, तुह्या आईले भेटाले जाचं म्हंजे आमचीच वरात निघते." तरी ती रोज जायची.

महिन्याने मी रजा काढून गेले. डॉक्टरांनी गुडघ्याला मोजपट्टी लावली तेव्हा मी भिंतीकडे पाहत होते. गुडघा काटकोनापुढे वाकला होता. आता भूल नको, ते म्हणाले, पण चालणं आणि वजन सांभाळा.

"भूल नको, हे लेहून द्या," याडी म्हणाली. "ह्या पोरीचा भरोसा बसत नाही."

डॉक्टरांनी हसत लिहून दिलं. बाहेर बाकावर बसून मी ती ओळ तीनदा वाचली. वर पाहिलं, तर याडी औषधांच्या रांगेत जाऊन उभीसुद्धा राहिली होती.