हळदीकुंकू लावलेला अर्ज

यंदाच्या चैत्रातली गोष्ट, सन अठ्ठ्याहत्तर. देवाची भांडी चिंचेने घासायला घेतली होती. समई उजळली होती, ताम्हण अजून काळंच होतं, तेवढ्यात नवसाबाईने फुलांची टोपली ओट्यावर टेकवली. "वैनी, हात धुवा. अर्ज लिवायचाय."

नवसाबाई आमच्याकडे रोज पूजेची फुलं देते. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू-शेवंती आणते आणि आमच्या मागच्या उताराला, खालच्या गल्लीत राहते. तिला अक्षर येत नाही. पण कोणाचा दाखला अडला, कोणाचं नाव मतदारयादीतून गळलं, की सगळी गल्ली तिच्या दारात. मग ती वॉर्डाच्या कचेरीत जाते आणि बाकावर हार ओवत बसते. "मला घाई नाय," एवढंच सांगते. साहेबांना तेच जड जातं.

या वेळी पाण्याचं होतं. आमच्या वरच्या गल्लीला नळ दोन तास, खालच्या गल्लीला वीस मिनिटं. तिथे सतरा घरांत एकच नळ. नवसाबाईच्या सुनेला सातवा महिना, आणि नंबर लागायच्या आत पाणी जायचं. मग ती पोर गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, घागरी वाहायची.

"तुमच्याच गल्लीची तक्रार हाय," नवसाबाई म्हणाली. "लिवाल ना?"

सकाळीच मी त्या पाण्याने अख्खं अंगण धुतलं होतं. हात धुऊन दौत काढली.

संध्याकाळी हे म्हणाले, "आपलंच पाणी कमी करून घेतेस?"

"देवापुढे ठेवलाय अर्ज. त्यालाच विचारा," मी म्हटलं.

खरोखरच ठेवला होता. सकाळी उचलताना हाताच्या सवयीने पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, आत चिमूटभर अक्षता टाकल्या. चांगल्या कामाचा कागद तसाच कोरा कसा पाठवायचा?

नवसाबाईने पाकीट शिपायाच्या हातात दिलं. पंधरा दिवस काही हाललं नाही. सोळाव्या दिवशी ती बाकावर जाऊन बसली. तिसरा हार होत आला तेव्हा हेडक्लार्क बाहेर आले. "बाई, साहेबांना लग्नाला यायला जमणार नाही. वधूवरांना आशीर्वाद सांगितलेत."

"कोनाच्या लग्नाला?"

लग्नसराई चाललेली. साहेबांच्या टेबलावर पत्रिकांची चळत होती, आणि तिच्या मधोमध आमचं पाकीट, न उघडलेलं. साहेबांनी फोडलं तर आधी अक्षता सांडल्या, मग अर्ज निघाला.

"काय म्हणालात मग त्यांना?" नवसाबाईने परत येऊन हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावून विचारलं. चूक माझी, आणि पंधरा दिवस घागरी त्या पोरीच्या डोक्यावर.

"म्हनलं, सून कवाच आनलीय साहेब. आता तिला पानी आना."

साहेब हसले असावेत. कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः घड्याळ घेऊन नवसाबाईच्या ओट्यावर हजर. वीस मिनिटांत नऊ घरांचं भरलं. सून दहावी होती. तिची कळशी नळाखाली गेली आणि धार तुटली. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग पाणी सोडायची चावी फिरवणाऱ्या झिपरूकडे वळले. झिपरू म्हणाला, "साहेब, मी लागलो तवापासून असंच चालत आलंय."

काल लेखी हुकूम आला: दोन्ही गल्ल्यांना सारखं, एक तास दहा मिनिटं. नवसाबाईने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. आज सुनेने गल्लीतल्या नळावरच हंडा भरला आणि खुशाल बसून वेणी घातली म्हणे. आमचं अंगण अर्ध्या बादलीत उरकलं. ह्यांनी पाहिलं, पण पेपर खाली केला नाही.

वरच्या गल्लीत मात्र आज पाणी लवकर का गेलं, याचा अजून कोणाला पत्ता नाही. शेजारच्या अक्काबाई एरवी सात पिंपं भरतात, वर ओटा दोनदा धुतात.

"त्यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"मीच सांगन. त्यांच्या दारात फुलं द्यायला तर रोज उभी ऱ्हाते."

उद्या सकाळी नवसाबाई अक्काबाईंना पाण्याची नवी वेळ सांगायला जाणार आहे.