आडकाठीचा राखाडी पट्टा

आमच्या सूनबाईला ऑफिसात 'आडकाठी' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत ती पेटंटचा शोध घेते. प्रयोगशाळेतल्या कुणाला काही नवं सुचलं, की ही जगभरचे पेटंटचे अर्ज उपसते आणि बहुतेक वेळा येऊन सांगते, "हे आधीच कुणीतरी करून बसलंय." लोकांच्या उत्साहावर पाणी ओतण्याचा पगार घेणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मी तिचा सासरा. जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले, आता घरी बसून उजव्या पायाचा अंगठा सांभाळतो. मला गाउट आहे. युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे सांध्यात साचतात, आणि शरीराची जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे जंतू शिरले की सर्वांत आधी धावून जाणारी फौज, त्या खड्यांनाच शत्रू समजून तुटून पडते. अंगठा लालबुंद होतो, चादरसुद्धा सोसत नाही, आणि मी घरादारावर खेकसत सुटतो. हे मला डॉक्टरने नाही, सूनबाईने समजावलं. डॉक्टरला वेळ नव्हता.

"चोर नसताना भुंकणारा कुत्रा आहे हा, बाबा," ती म्हणाली होती. "त्याला मारायचं नाही, नुसतं गप्प बसवायचं. नाहीतर खरा चोर आला की पंचाईत."

तशीच एक गोळी तिच्या कंपनीतल्या केमिस्ट बाई बनवत होत्या. फौजेला हाळी देणारं एक प्रथिन असतं, त्याचं तोंड बंद करणारी. बाईंनी तिच्यापायी उमेदीची वर्षं घातली होती. आता वरच्या मंडळींना ठरवायचं होतं, की हे काम पुढे न्यायचं का गुंडाळायचं. त्यासाठी त्यांनी सूनबाईकडून आलेख मागवला. या प्रथिनावरच्या औषधांसाठी जगात दरवर्षी किती पेटंट अर्ज होतात, याचा.

आकडे सगळ्या जगाला उघडे, त्यामुळे तो आलेख आमच्या जेवणाच्या टेबलावरही आला. रेघ वर्षानुवर्षं चढत गेली होती आणि शेवटी धाडकन खाली आली होती. त्या उतारावर तिने राखाडी पट्टा मारला होता.

"गेलं की गं हे," मी म्हणालो. "सगळे पळताहेत."

"कुणी पळत नाहीये, बाबा. अर्ज केला की तो दीड वर्ष गुपित राहतो, मग छापला जातो. शेवटच्या दीड वर्षातले बरेचसे अर्ज मला दिसतच नाहीत. म्हणून रेघ पडलेली दिसते, आणि म्हणून हा पट्टा."

मला ते चटकन पटलं. न मोजलेला मुलूख आम्ही नकाशावर कोराच ठेवायचो. तिथे वस्तीच नाही, असं त्यावरून कुणी म्हणत नसे.

मीटिंगच्या दिवशी मात्र घोळ झाला. स्लाइड सजवणाऱ्या गृहस्थांना तो पट्टा डागासारखा वाटला, आणि त्यांनी तो पुसून टाकला. पडद्यावर उरली नुसती कोसळणारी रेघ. पुढचा प्रसंग केमिस्ट बाईंनी नंतर आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा मला हातवाऱ्यांसकट सांगितला. मोठे साहेब म्हणाले, "जगाने हा नाद सोडलाय, मग आपणच का धरून बसायचं?" बाईंनी समोरची फाइल मिटली.

सूनबाई उभी राहिली. "साहेब, हा उतार खोटा आहे. पाचच मिनिटं द्या."

तिने लॅपटॉप जोडला आणि हाच आलेख पाच वर्षांपूर्वी काढला असता तर कसा दिसला असता, ते दाखवलं. त्याचीही रेघ शेवटी पडलेली. मग चार वर्षांपूर्वीचा, मग तीन. प्रत्येकाच्या शेवटी तोच उतार, आणि पुढच्या चित्रात तो भरून निघून रेघ आणखी वर.

"हे लोक दरवर्षीच पळालेत, साहेब," ती म्हणाली. "आणि दरवर्षी आधीपेक्षा जास्त सापडलेत."

"बरं, मग या वेळी त्या उताराखाली काय दडलंय?"

"ते मला माहीत नाही, आणि कुणालाच नाही. पण गर्दी वाढतेय असंच धरून चाला. काम थांबवू नका, आणि अर्ज आत्ता करा."

यावर केमिस्ट बाईच दचकल्या. त्यांना तो रेणू आणखी सुधारायचा होता, अर्धंकच्चं काही जगापुढे ठेवायचं नव्हतं.

"उंदरांवरचे निकाल चांगले आलेत ना?" सूनबाईने विचारलं.

"आलेत."

"मग अर्जापुरतं तेवढं बस्स. सुधारणा चालू राहू देत. पण हक्क त्याचा, ज्याचा अर्ज आधी."

बाई म्हणाल्या, "आडकाठी स्वतः 'पळा' म्हणतेय, म्हणजे खरंच पळायला हवं." अख्खी खोली हसली, साहेबसुद्धा. त्याच आठवड्यात अर्ज गेला.

त्यानंतर ती नव्याने छापलेले अर्ज नेमाने चाळत राहिली. वर्ष उलटलं, वर सहा महिने गेले. एका संध्याकाळी ती आली ती चपला न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक अर्ज छापून आलाय. परदेशातल्या कंपनीचा. जवळपास आपलाच रेणू."

मी पटकन विचारलं, "तारीख?"

"आपल्यानंतरची. जेमतेम पंधरवड्याने."

आणि ती खुर्चीत बसून चक्क रडली. एवढी खमकी बाई, पण रडली, आणि रडता रडता हसायला लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला की अंगठ्याचं भान न ठेवता मी ताडकन उठलो, आणि अर्थातच बोंबललो.

गोळीच्या चाचण्या अजून चालू आहेत. माझा अंगठा तूर्त जुन्याच औषधावर आहे आणि त्याची भुंकाभुंकही अधूनमधून चालू आहे. परवा सूनबाईने नवा आलेख दाखवला. जुन्या पट्ट्याच्या जागी रेघ चांगली वर गेलीय, आणि नव्या टोकाला नवा राखाडी पट्टा आहे. तो स्लाइड सजवणाऱ्या त्याच गृहस्थांनी आपणहून मारलाय, चांगला ठळक.

मी त्यावर बोट ठेवलं. "आणि यात कोण लपलंय?"

"असतील कुणीतरी," ती म्हणाली. "पण यातल्या सगळ्यांच्या तारखा आपल्यानंतरच्या. आता ते आपल्या मागे आहेत, बाबा. येऊ देत."