बेटातला सांधा
परवा इथे आखातात, अल मजाजमधल्या आमच्या इमारतीत टाइल्स बसवत होते. ओल्या पांढऱ्या सिमेंटचा वास आला आणि कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी मी अमूर नदीतलं एक मोठं बेट निवडलं होतं. रशिया आणि चीन त्यावरून वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी त्यांनी ते वाटून घेतलं. बाबा रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात कामाला. त्यांनी कॉलेज कधी आतून पाहिलेलं नाही, पण माझ्यासाठी निळ्या आणि पांढऱ्या टाइलचे तुकडे घासून त्यांनी ते बेट बनवलं. दोन देशांच्या दोन रंगांमध्ये काडीएवढी फट ठेवली. वर्गात एकजण ओरडला, "अरे, बाथरूम उखाड के लाई क्या?" सगळे हसले. सर म्हणाले, "सीमा म्हणजे रेघ. ही फट बुजवून आण, नाहीतर मार्क कापीन." मी म्हणाले, "नाही बुजवणार, सर. सांधा ठेवला नाही तर टाइल्स उन्हात फुगतात आणि एकमेकींना उखडतात. माझ्या बाबांनी शिकवलंय." मार्क कापले गेलेच. ते बेट आजही माझ्या टेबलावर आहे, फटीसकट.