भाऊसाहेबांचा हीटर

सॉफ्टवेअर कंपनीत किस्से साठायला वेळ लागत नाही. चाळीस हुशार माणसं एका बंगल्यात बसवा आणि त्यांना कॉम्प्युटर सोडून दुसरं कुठलंही काम द्या, बस्स! आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसात ते काम होतं माशाच्या टाकीसाठी हीटर निवडण्याचं. आजही जुनं कुणी भेटलं की कंपनीचं पुढे काय झालं ते विचारत नाही, हीटरचाच विषय काढतं.

मी तिथे अ‍ॅडमिन असिस्टंट, मंगल कांबळे. इंटरव्ह्यूत आमचे मालक दीक्षित साहेब म्हणाले, "राहता कुठे?"

"येरवड्याला."

"आत की बाहेर?"

"अजून तरी बाहेर. तुम्ही इथे आत घेताय का बघा!"

घेतलं. पण सहा महिने प्रोबेशनवर.

*

तेव्हा अमेरिकन क्लायंट म्हणजे देव. हा देव जानेवारीत दर्शन द्यायला येणार होता, म्हणून रिसेप्शनमध्ये मोठी टाकी आली आणि तिच्यात चार डिस्कस मासे. बशीएवढे गोल, निळ्या पट्ट्यांचे. पाणी कोमट नसेल तर जेवायचेच नाहीत. आणि आमचा एसी सर्व्हरसाठी कायम अठरावर! पंधरा दिवसांत तीन मासे गेले. उरला त्याचं नाव मी भाऊसाहेब ठेवलं, कारण तो सगळ्यांकडे तोंड वाकडं करून बघायचा.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मंगल, क्लायंट येईपर्यंत हा मासा टिकला, तर तू पर्मनंट."

"आणि नाही टिकला तर?"

"तर रिसेप्शनमध्ये दोन जागा रिकाम्या होतील."

घरी सांगितलं, तर पोस्टातून रिटायर झालेले माझे वडील पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बी.कॉम. फर्स्ट क्लास आलीस, आणि नोकरी माशाच्या भरवशावर?" सगळे हसले. मला मात्र रडू आलं.

*

कसबा पेठेत सोनटक्के काकांचं माशांचं दुकान होतं. मी म्हटलं, "काका, हीटर द्या."

"टाकी किती लिटरची?"

"मोठी आहे."

"मोठं खडकवासल्याचं धरणही आहे. मोजून या."

ऑफिसात टेस्टिंगचा पराग टेप घेऊन उठला. त्याच्याबरोबर आणखी दोघं उठले. दुपारभर एक्सेल शीट चाललं. दुसऱ्या दिवशी पराग स्वतः माझ्याबरोबर दुकानात आला आणि छाती काढून म्हणाला, "दोनशे अकरा पॉइंट तीन सात लिटर."

"बाहेरून मोजलंत?"

"हो."

"काचेतही पाणी भरता वाटतं? आणि तळाची खडी? वर चार बोटं मोकळी असतात, ती?"

पराग शांतपणे म्हणाला, "ते व्हर्जन टूमध्ये घेऊ."

*

शेवटी काकांनी दोनशे वॉटचा हीटर दिला. काचेची नळी होती. देताना बजावलं, "आधी पाण्यात, मग बटण."

पराग तो टेस्ट केल्याशिवाय लावू देईना. "युजर नेहमी उलटंच करतो, म्हणून उलटंच टेस्ट करायचं असतं." त्याने हीटर टेबलावरच लालभडक तापवला, प्लग काढला आणि बादलीत बुडवला. टण्ण! नळीचे दोन तुकडे.

संध्याकाळी त्याचा रिपोर्ट आला. "हीटर अपेक्षेप्रमाणे फेल. टेस्ट पास."

काकांनी ते तुकडे पाहिले आणि म्हणाले, "हीटर फोडलात. आता नारळही फोडा."

*

मग आमचे सर्व्हर सांभाळणाऱ्या शिल्पाने तोंड उघडलं. "एकच हीटर? बॅकअप नको? शंभर-शंभरचे दोन आणा."

मी भीतभीतच दुकानात जाऊन सांगितलं. काकांनी चष्मा काढला. "हे कोण म्हणालं?"

"आमची शिल्पा."

"बरोबर बोलली. एक बंद पडला तर दुसरा आहे, आणि एक अडकून चालूच राहिला तरी माशाचं कालवण होत नाही. यापुढे तिलाच पाठवत जा."

दोन कोपऱ्यांत दोन हीटर बसले. चौथ्या दिवशी भाऊसाहेब वर येऊन जेवले. मी पॅन्ट्रीत जाऊन एकटीच हसले.

*

पण खरी मजा क्लायंट येण्याच्या आदल्या दिवशी झाली. सकाळी येऊन बघते तर भाऊसाहेब तळाला! पंख मिटलेले, रंग काळवंडलेला. मी काकांना फोन लावला. काका दुकान बंद करून लूनावरून आले. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. 'कुणाला भेटायचे' यापुढे काकांनी लिहिलं, 'मासा'. 'काम' यापुढे, 'तब्येत'.

त्यांनी पाण्यात बोट घातलं. गार! दोन्ही हीटर बंद. काका वायर धरून धरून मागे गेले. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आणि त्या बोर्डाचा एकुलता एक प्लग जमिनीवर पडलेला. भिंतीच्या सॉकेटवर परागचा नवाकोरा मोबाइल, आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावून विसरलेला.

"वा! घोडे दोन बांधले आणि खुंटी एकच?"

शिल्पाने मान खाली घातली. परागने मोबाइल काढून गुपचूप खिशात टाकला.

काकांनी प्लग लावला, आपला मफलर टाकीवर पांघरला आणि सोफ्यावर बसून राहिले. साहेब दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघत होते. मला तर टाकीकडे बघवेना. दुपारी भाऊसाहेबांनी एक पंख उघडला, मग दुसरा. हळूहळू वर आले आणि थेट साहेबांकडे बघून तोंड वाकडं केलं! मी सगळ्यांसमोर रडले.

"मंगल," साहेब म्हणाले, "पर्मनंटचं लेटर टाइप करून आण. आत्ताच सही करतो."

काका उठले, हात पुसले, मफलर गळ्यात घातला. जाता जाता त्यांचं लक्ष आतल्या हॉलकडे गेलं. चाळीसजण अंग चोरून खुर्च्यांत बसले होते. कुणी दोन स्वेटर घातलेले, कुणी माकडटोपीत, एकजण हात काखेत धरून स्क्रीन वाचत होता.

काका दारातच थांबले. मग दीक्षित साहेबांना हळूच म्हणाले, "मासा जगेल हो. पण ही आतली सगळी पंख मिटून तळाला बसलीत, त्यांचं काय करताय?"