सव्वा मूठ गहू

"अक्का तुमच्या कोण लागतात?" असं कुणी विचारलं की मी अडखळायचे. धुळ्यातल्या आमच्या कॉलनीतल्या बायकांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचं ठरवलं आणि अक्का माझ्या वाट्याला आल्या, एवढंच खरं. त्यांची औषधं आणायची, भाजी निवडून द्यायची, मग तासभर त्यांच्या गप्पा ऐकायच्या. पण मी का जाते, हे मलाच सांगता येईना. पुण्यासाठी म्हणावं, तर यजमान गेल्यापासून मी घरी देवापुढे दिवासुद्धा लावत नव्हते. वेळ जात नाही म्हणावं, तर माझे गुडघेच मला पुरून उरत होते. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं चाललंय तुझं." मला ते पटलं.

म्हणून श्रावणातल्या एका सकाळी, माझा जायचा वार नसताना, मी रिक्षा करून निघाले. यापुढे येणं जमणार नाही, एवढं सांगून परतायचं होतं. वाटभर ते वाक्य मनात जुळवत होते. घटकेत ते रास्त वाटे, घटकेत फार दुष्ट वाटे.

दार लोटलेलंच होतं. अक्का देवघरासमोर सुपात गहू घेऊन बसल्या होत्या, एक मूठ वर धरलेली. माझ्याकडे बघतच राहिल्या. मग "उनी व माय? बरं झायं," म्हणत त्यांनी ती मूठ डब्यात सोडली.

माझं वाक्य राहूनच गेलं, कारण अक्काच बोलू लागल्या. रविवारी कानबाई, श्रावणात घरोघर बसवतात ती आमच्या भागातली देवी, बसवायची होती आणि सुरतच्या मुलाला यंदा सुट्टी नव्हती. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. बाहेरच्याला त्यातला घास देत नाहीत. गावाकडचे भाऊबंद अक्कांना सांगत होते, एकटीनं कशाला करता, कानबाई आता आमच्याकडे द्या.

"ती गई ते मी आठे कशाले ऱ्हाऊ?" अक्का म्हणाल्या. देवीच गेली तर मी इथे तरी कशाला राहू, असं त्या अगदी सहज विचारत होत्या, आणि मी मात्र घाबरले.

"बसवा अक्का. दळण मी आणते," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे कोण बोललं, मला अजून कळलेलं नाही.

कानबाईच्या दळणासाठी मुद्दाम धुऊन ठेवलेल्या चक्कीवरून मी दळण आणलं. पीठ एकट्या बाईच्या मानानं जास्त वाटलं. मुलाच्या नावाचं असेल, असं मी धरून चालले. रविवारी नारळाच्या कानबाईला नथ घातली, साडी नेसवली, आरती झाली. अक्का रोटाचं ताट घेऊन बसल्या तशी मी पर्स उचलली. दुसऱ्याच्या रोटाला हात लावायचा नसतो, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

अक्कांनी माझा पदर धरला. "कोठे चालनी? बस. तुना नावनी मूठ लियेल शे."

"अक्का, मी बाहेरची."

"त्या दिन मूठ हातमा व्हती. मी कानबाईले सांगं, मना घरनं आठे कोन शे ते तूच दखाड. तवय तूच दारमा उभी."

मी खाली बसले. माझ्या घरचं इथे कोण ते तूच दाखव, असं अक्कांनी देवीला म्हणावं आणि नेमकी मी दारात उभी असावी. जी बाई येणार नाही म्हणून सांगायला आली होती, तिच्याच नावानं गहू मोजले गेले होते. योगायोग असेल. तसं मनाला सांगून पाहिलं, पण पटेना. मी रडले आणि रडत रडतच रोट खाल्ला.

सोमवारी सकाळी पांझरा नदीवर कानबाईची पाठवणी करून आम्ही परतलो. घरी येऊन मी दिवा लावला. मी अक्कांकडे आपल्या पायांनी गेले की मला नेलं गेलं, याचा गोंधळ अजून आहे. तो सोडवायचा हट्ट मात्र आता सोडून दिलाय. त्या सकाळी मी काय सांगायला निघाले होते, हे अक्कांना बोलले नाही. कानबाईला माहीत आहे, आणि तिनं ते मनावर घेतलं नाही, याचे उपकार मोठे आहेत.

परवा चक्कीवाल्या भाऊंनी विचारलंच, "अक्का तुमच्या कोण लागतात?"

"आमचे रोट एक आहेत," मी म्हणाले.

भाऊ इथलेच. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.