वाकडा दात

गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीच्या दुकानाला खेटून एक अरुंद खोली आहे. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे पाटीवाले म्हणतात. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे पाटीवाले" असंच म्हणायची. दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग हात थरथरायला लागला, आणि त्यांनी लेझरचं मशीन घेतलं. आता पाटी मशीन कोरतं आणि पाटीवाले नुसते मशीनकडे बघत बसतात.

चित्रही आताशा त्यांना काढावं लागत नाही. कॉम्प्युटरला दोन ओळी लिहून सांगितलं की तो काढून देतो. गिऱ्हाइकांची हौस तरी काय सांगावी! कुणाला सासरे सिंहासनावर बसलेले हवेत, कुणाला आपला कुत्रा सेनापतीच्या वेशात, कुणाला निवृत्त होणारे साहेब शिडाच्या होडीत उभे. साहेबांनी जन्मात बादलीपलीकडे पाणी पाहिलेलं नसतं, पण ते असो. पाटीवाले चित्र निरखतात, हाताला एखादं बोट जास्त तर नाही ना ते बघतात, रंग काढून त्याचे काळे-पांढरे ठिपके करतात आणि फळी मशीनमध्ये सरकवतात. झाकण लावलं की आत एक ठिणगी इकडून तिकडे पळत राहते आणि जळक्या लाकडाचा वास खोलीभर होतो.

बायको हिवाळ्यात गेली. आधी ताप, मग दवाखाना, मग संपलंच. पाटीवाल्यांनी आठवड्याभरात दुकान उघडलं. माणूस खंबीर आहे हो, असं गल्लीत एकमत झालं. इस्त्रीवाला तर येईल त्याला त्यांचा दाखला द्यायचा. खंबीर कसले न् काय! त्यांना काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल होतो, तसं आतून सगळं बधिर. जेवण जात होतं, झोप लागत होती. आपल्याला रडू यायला हवं होतं हे त्यांनाही कळायचं, पण एखादं काम करायचं राहून गेलंय असं कळावं तेवढंच.

अशात मुलीचा फोन आला. "बाबा, रविवारी येतेय. आईची एक पाटी करून ठेवा ना मला. हसतानाची."

"हसतानाचा फोटो कुठाय?"

"एकही नाहीये. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. जगाला करून देता, मला नाही देणार?"

खरंच नव्हता. बायकोचा वरचा पुढचा एक दात वाकडा होता, शेजारच्यावर चढलेला. लग्न झालं तेव्हापासून हसू आलं की तिचा हात तोंडावर जायचा. फोटोत एकतर तोंड मिटलेलं, नाहीतर हात मध्ये आलेला. पाटीवाल्यांनी त्यातला मिटल्या तोंडाचा एक फोटो कॉम्प्युटरला दिला आणि लिहिलं, हसरी कर.

हसरी झाली. सरळ, एकसारखे, मोत्यासारखे दात. पाटीवाले चिडले, म्हणजे चिडायला हवं म्हणून चिडले. "टूथपेस्टची जाहिरात नुसती!" असं मोठ्याने म्हणून त्यांनी ते चित्र बाजूला टाकलं. मग लिहिलं, वरचा पुढचा एक दात वाकडा कर. कॉम्प्युटरने अदबीने विचारलं, डावा की उजवा?

पाटीवाल्यांची बोटं थांबली.

एवढ्या वर्षांचा संसार. रोज समोरासमोर जेवायला बसलेली माणसं. डावा की उजवा? त्यांनी डोळे मिटून पाहिलं. तोंडावर धरलेला हात आठवला, हातावरची भाजल्याची खूण आठवली. दात काही आठवेना. आमच्या धंद्यानेच घोटाळा केलाय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर मागच्या बाजूने कोरायचं तर चित्र आरशातल्यासारखं उलटं करून घ्यावं लागतं. सतत अशी उलटापालट करून माणसाला डाव्या-उजव्याचं भान राहतंय कुठे! मुलीला फोन करून विचारता आलं असतं. पण आईचा दात कुठल्या बाजूचा गं, असं विचारायचं कुठल्या तोंडाने?

शेवटी युक्तीही धंद्यातलीच सुचली. पाटी अ‍ॅक्रिलिकचीच करायची. एका बाजूने पाहिलं तर दात डावा, फिरवून पाहिलं तर उजवा. मुलीला जी बाजू ओळखीची वाटेल ती पुढे. कॉम्प्युटरला त्यांनी ठोकून दिलं, डावा.

पाटी सुरेख उतरली. वरचा कागद सोलून, पुसून त्यांनी ती टेबलावर उभी केली आणि आपल्याला काही वाटतंय का ते पाहिलं. काही वाटलं नाही. काम चोख झालं होतं.

रविवारी मुलगी आली. पाटी घेऊन खिडकीपाशी उजेडात गेली. पाटीवाले तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने पाटी पाहिली, फिरवली, परत फिरवली.

"त्या बाजूने बरोबर वाटतंय का?" त्यांनी घाईघाईने विचारलं. "मग तशी ठेव. स्टँडवर कशीही बसते."

"बाबा, हा दात कुठून आणलात?"

"म्हणजे? वाकडा होता ना तिचा."

"होता. पण तो आईने कधीच घासून त्यावर कॅप बसवून घेतली होती. माझ्या लग्नाच्या आधी. मीच नेलं होतं डॉक्टरकडे."

"अगं, पण तोंडावर हात धरायची की!"

"सवय ती. सुटली नाही शेवटपर्यंत."

"मला कसं नाही सांगितलं?"

मुलीने पाटी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "तीच म्हणाली, सांगू नकोस. बघू, ह्यांच्या कधी लक्षात येतंय. सुरुवातीला आम्ही दोघी खूप हसायचो त्यावर. नंतर तिने तो विषय काढायचाच सोडून दिला."

पाटीवाले खाली बसले. त्यांना लाज वाटली. कानशिलं तापली. बायको गेल्यापासून त्यांना वाटलेली ही पहिली गोष्ट. रडू तेव्हाही आलं नाही. रडू यावं इतकं त्यांनी तिला पाहिलं होतं कुठे?

त्यांनी बाजूला टाकलेलं पहिलं चित्र काढून दाखवलं. मुलीने ते नीट पाहिलं. "दात असेच होते. पण ही आई नाही."

"मग ती हसताना कशी दिसायची?" पाटीवाल्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "तू सांग. मी लिहितो."

मुलगी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आधी डोळे मिटायचे तिचे," ती म्हणाली. "मग खांदे हलायला लागायचे. आवाज सगळ्यात शेवटी यायचा."

पाटीवाल्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. ह्यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.